तिसरी रात्र

नागापुरातल्या आमच्या घरात एक वाक्य वडिलोपार्जित जमिनीसारखं चालत आलं होतं. ‘थोरले आबा दारूनं नाही गेले, दारू सोडली म्हणून गेले.’ आजी ते सांगायची, वडील सांगायचे, आणि आम्ही पोरं ते शाळेतल्या पाढ्यासारखं खरं मानायचो. पुढं याच वाक्यानं आमच्या घरातला आणखी एक माणूस जवळजवळ ओढून नेला होता. म्हणून ते आज नीट उलगडून सांगायचं आहे.

आजीच्या तोंडून ऐकलेलं नागापूर आता शोधूनही सापडायचं नाही. आज मनमाड रस्त्यावर सीनेचा पूल आणि एमआयडीसीच्या शेडांची रांग, एवढीच गावाची ओळख उरली आहे. गाव महापालिकेत गेलं, जिल्ह्याचं नावही अहिल्यानगर झालं. आजी सून म्हणून आली तेव्हा इथं ज्वारीची रानं होती, बांधाला बाभळी होत्या आणि विहिरीवर मोट चालायची. थोरले आबा म्हणजे माझ्या आजोबांचे मोठे भाऊ. मोट हाकण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. पहाटे त्यांचा आवाज लागला की बायका म्हणायच्या, चला, उजाडलं.

तोच माणूस रात्री सीनेच्या पात्रात जायचा. तिथं हातभट्टी लागायची. काळा गूळ, नवसागर, बाभळीची साल, पत्र्याचा डबा आणि थेंब थेंब गळणारी नळी. तेव्हा सरकारी दारूबंदी होती. मुंबई दारूबंदी कायदा 1949 साली झाला आणि 1950 पासून सगळ्या मुंबई राज्यात बंदी लागू झाली. आजी सांगायची, “दुकान बंद झालं, पर पिणारं बंद झालं न्हाई. दुकान उठलं आन् नदीत जाऊन बसलं.” त्याआधी उलटी तऱ्हा होती. 1878 चा अबकारी कायदा करून इंग्रजांनी दारूवर मक्ता बसवला होता आणि दारूचा पैसा सरकारच्या तिजोरीत जात होता. पुण्यात दारूची दुकानं वाढू लागली तेव्हा जोतीराव फुल्यांनी 1880 साली नगरपालिकेकडं लेखी हरकत घेतली होती. दारूनं घरं बसतात हे आपल्याकडं कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. गाडगेबाबांनी तर गावोगावच्या कीर्तनांतून दारूवर घाव घातले. पण प्यायची थांबल्यावर शरीरात काय होतं, हे मात्र आमच्या गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

स्वराज्याला नऊ-दहा वर्षं झाली असतील. मारुतीच्या देवळात सप्ताह बसला होता. काल्याच्या कीर्तनानंतर थोरल्या आबांनी तुळशीची माळ घातली. माळ घातली की दारू आणि मटण सुटलं, यात आमच्याकडं मागंपुढं नसतं. घरात आनंद झाला. थोरल्या आजीनं पुरणपोळी केली.

पुढचं आजी नेहमी एकाच लयीत सांगायची, जणू प्रत्येक वेळी ती त्याच माजघरात उभी असायची.

“पहिल्या रातीला हात कापाय लागलं. तांब्या तोंडाला लागंना. आम्ही म्हणलं, माळ घातलीय, देव परीक्षा घेतोय. दुसऱ्या दिवशी दरदरून घाम. वकाऱ्या. झोप न्हाई. भितीवर मुंग्या चढत्यात म्हणाय लागलं, आन् भितीला काय बी नव्हतं. संध्याकाळी एकदा डोळं फिरलं, दातखीळ बसली, अंग ताठ झालं. कांदा हुंगवला. तिसऱ्या रातीला उठून बसलं आन् बैल हाकाय लागलं. अंधारात. दोन्ही हातानं कासरा धरल्यावानी करायचं, आन् ओरडायचं. बैलाला बोलायचं, मोटंला बोलायचं. म्हणलं, भावजी, रात हाय, मोट न्हाई. तर माझ्याकडं बघितलं आन् मला वळखलंच न्हाई.”

मग देवऋषी आला. नदीच्या काठचं लागलंय म्हणाला. लिंबू कापलं, धूप घातला. आबा आवरेनात म्हणून त्यांना बाजेला बांधलं. अंग तव्यासारखं तापलं होतं. पहाटे, मोट धरायच्या वेळेला, आवाज थांबला.

गावानं दोन निकाल दिले. काहींनी म्हटलं, भूतबाधा. आमच्या घरानं म्हटलं, दारू सोडली म्हणून गेला.

या दुसऱ्या निकालाची किंमत वीस-पंचवीस वर्षांनी भरावी लागली, ती बापूंना. बापू माझे धाकटे चुलते. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी आजीबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडली. पुढं एमआयडीसी वाढली आणि ते एका कारखान्यात लेथवर लागले. महिन्याच्या सात तारखेला पगार हातात पडायचा. शेतकऱ्याच्या घरात दर महिन्याला येणारा हा पहिला रोख पैसा. देशी दारूची दुकानंही तोवर परवाना घेऊन रस्त्यावर आली होती. आमचा जिल्हा उसाचा. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण साखर काढून उरलेल्या मळीपासूनच मद्यार्क निघतो आणि त्याचीच देशी होते, ही गोष्टही त्याच उसाची आहे. तोच ऊस शेतकऱ्याला पैसा देतो आणि कामगाराला क्वार्टर.

बापू आधी पगाराला प्यायचे, मग शनिवारी, मग रोज. त्यानंतर एक दिवस आला, तो काकीनं पाहिला आणि तिला तेव्हाच कळलं. सकाळी सहाची पाळी होती. बापूंच्या हाताला असा काप सुटला होता की सदऱ्याचं बटण काजात जाईना. ते मोरीकडं गेले, बंबामागून बाटली काढली, दोन घोट घेतले. पाच-दहा मिनिटांनी हात स्थिर झाला. त्यांनी बटणं लावली, डबा घेतला आणि गेले. काकी म्हणाली, “त्या दिवसापासून ते मजेसाठी पीत नव्हते. हात बसवायला पीत होते.”

व्यसन म्हणजे काय, याची याहून चांगली व्याख्या मी पुढं कुठल्या पुस्तकातही वाचली नाही.

काकी सात तारखेला कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहायची. आधी पाटल्या गेल्या, मग डोरलं गहाण पडलं. कुणी सांगितलं म्हणून तिनं एका वैदूकडून पूड आणली, ‘चहात टाका, त्यांना कळू देऊ नका.’ बापूंनी तो चहा घेतला, वर दारू प्याले आणि छाती धडधडून, तोंड लाल होऊन अंगणात कोसळले. दारूशी न जुळणारी अशी औषधं असतात. पण ती पिणाऱ्याला सांगून, त्याच्या संमतीनं आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायची असतात. चोरून दिली तर जिवावर बेततं. आजही गावोगाव भिंतींवर ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती रंगवलेल्या दिसतात, तेव्हा मला ते अंगण आठवतं.

आणि सोडायचं नाव काढलं की बापू म्हणायचे, “थोरल्या आबांचं काय झालं, ठाऊक आहे ना? मला मारायचंय का?” आजी गप्प व्हायची. तिनंच सांगितलेली गोष्ट तिच्याच लेकाच्या हातात ढाल होऊन बसली होती.

आमची आत्या पारनेर तालुक्यात दिलेली. ती आली की राळेगणसिद्धीच्या गोष्टी सांगायची. एके काळी राळेगणात तीस-चाळीस भट्ट्या होत्या. यादवबाबांच्या देवळाचं लाकूडसुद्धा लोकांनी भट्टीत घातलं होतं. 1975 साली सैन्यातून परतलेल्या अण्णा हजाऱ्यांनी स्वतःच्या पैशानं ते देऊळ उभं केलं आणि त्याच देवळात बसून गावानं दारूबंदी ठरवली. भट्टीवाल्यांनी आपण होऊन भट्ट्या मोडल्या. दारू गेली तशी पाणी अडवायची, झाडं लावायची कामं उभी राहिली. आत्या हे सांगताना ताठ बसायची. ऐकूनही जे प्यायचे त्यांना खांबाला बांधून सैन्यातल्या पट्ट्यानं मारलं, हेही ती सांगायची आणि ते अण्णांनी कधी लपवलेलं नाही.

मी मोठा होत गेलो तसा या गोष्टीचा दोन बाजूंनी विचार करत गेलो. गाव एक झालं की दारूचा पुरवठा तुटतो, हे राळेगणनं साऱ्या महाराष्ट्राला दाखवलं. त्याचं मोल कमी नाही. पुढं मतदानात ‘आडवी बाटली’ करून दुकानं बंद करण्याचा हक्क बायकांना मिळाला, त्यामागं अशाच गावांचा धीर आहे. पण ज्याचं बटण काजात जात नाही, त्याला पट्टा बरा करत नाही. बाजेला बांधलेले थोरले आबा मला खांबाशी दिसायचे. तो माणूस आजारी असतो. त्याची लाज काढून आजार जात नाही, तो फक्त बंबामागं लपतो.

1991 च्या पावसाळ्यात बापूंना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे, पोट पाण्यानं फुगलेलं, पाय सुजलेले. रक्ताची उलटी झाली तेव्हा वडिलांनी जीप केली आणि पुण्याच्या एका रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी वडिलांना बसवून सगळं सांगितलं. वडील सातवी शिकलेले, पण त्यांनी ते शब्द आयुष्यभर जपून ठेवले. यकृतावर आधी चरबी चढते, मग सूज येते, मग ते आक्रसून दगडासारखं होतं. पहिल्या दोन टप्प्यांत दारू थांबली तर यकृत सावरू शकतं, तिसऱ्यात गेलेलं सहसा परत येत नाही. पिणाऱ्याच्या शरीराला ब-1 जीवनसत्त्व पुरत नाही. त्यानं तळपायांना मुंग्या येतात, चाल डगमगते, नजर ठरत नाही, स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत यांच्या कर्करोगाशीही दारूचं नातं आहे. 1988 सालीच कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं दारूला तंबाखूच्या पंक्तीला बसवलं आहे.

मग वडिलांनी आमच्या घराचा प्रश्न विचारला. “सोडल्यावर मरतो का, डॉक्टर?” आणि थोरल्या आबांची सगळी गोष्ट सांगितली.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की मेंदूला दारू रोज दाबून धरते. तोल राखायला मेंदू उलट्या बाजूनं जोर लावायला शिकतो. वर्षानुवर्षं असा जोर लागलेला असताना दारू एकदम थांबली, तर दाब जातो, पण जोर तसाच उरतो. वडील म्हणाले, “म्हणजे भरली मोट ओढताना नाडा तुटावा तसं.” मोटेची विहीर पाहिलेल्याला सांगायला नको. भरलेली मोट वर येते तेव्हा बैल धावेच्या उतारावर सगळा जीव लावून ओढत असतात. त्या क्षणी नाडा तुटला तर ते तोंडघशी उताराला जातात. डॉक्टर म्हणाले, “अगदी तसंच.”

शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत काप, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, नसलेलं दिसू लागतं. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना वात होतो. ताप, धडधड, भान जाणं. या अवस्थेत माणूस पुष्कळदा आपलं रोजचं काम हवेत करू लागतो. शिंपी शिवतो, गाडीवान गाडी हाकतो. उपचाराविना राहिला तर यातच जातो. प्रत्येकाला हे होत नाही. पण ज्याला सकाळी हात बसवायला प्यावी लागते, ज्याला आधी कधी झटका आला आहे, त्याला धोका मोठा. आणि यावर उपाय आहे. मेंदूचा जोर हळूहळू उतरवणाऱ्या गोळ्या ठरल्या मापानं देऊन दिवसागणिक कमी करायच्या, यकृत पाहून औषध निवडायचं, ब-1 ची सुई द्यायची, पाणी आणि क्षार सांभाळायचे. बाजेऐवजी खाट, आणि बांधण्याऐवजी उशाशी माणूस.

तिसऱ्या रात्री उशाशी वडील होते. मध्यरात्री बापूंची बोटं हलू लागली. उजवा हात हवेत हलकेच गोल फिरत होता. वडिलांना क्षणभर उमजेना. मग उमजलं. बापू लेथचं चाक फिरवत होते. वडिलांच्या छातीत धस्स झालं. त्यांनी सिस्टरला उठवलं. तिनं नाडी पाहिली, डॉक्टरांना बोलावलं, आणखी एक सुई दिली. तासाभरानं हात गादीवर टेकला. बापू झोपले. सकाळी त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, “दादा, चहा मिळेल का?”

वडिलांनी गावातल्या दुकानाच्या फोनवर निरोप दिला. आजीनं एवढंच विचारलं होतं म्हणे, “तिसरी रात गेली का?”

त्यानंतर बापू येरवड्याच्या मुक्तांगणमध्ये गेले. डॉ. अनिता अवचटांनी 29 ऑगस्ट 1986 ला ते सुरू केलं होतं. अनिल अवचटांचे गर्द या अमली पदार्थावरचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी देणगी दिली आणि पुलंच्याच हस्ते उद्घाटन झालं. गर्दुल्ल्यांसाठी उघडलेलं ते दार पुढं दारूच्या रुग्णांसाठीही तितकंच मोठं झालं. 35 दिवसांचा मुक्काम. बापू सांगायचे, तिथं पहिल्यांदा कुणी त्यांना दारुडा न म्हणता नावानं हाक मारली. ज्यानं समजावलं तोही कधीकाळचा पिणाराच होता. काकी बायकांच्या गटात जाऊन बसू लागली. त्या गटाचं नाव सहचरी. वीस वर्षांच्या संसारात तिला ‘तुमचं कसं चाललंय?’ असं कुणी विचारलं नव्हतं. तिथं विचारलं. ती तासभर रडली आणि मग बोलली.

गोष्ट इथं संपत नाही, आणि ती इथं संपवणारे अनेकांचं नुकसान करतात. सात महिन्यांनी एका लग्नाच्या वरातीत बापू पुन्हा प्याले. चार दिवस पीत राहिले. आजी म्हणाली, “पडला तर पडला. बैल धावंवर घसरला म्हणून कुणी मोट सोडत न्हाई.” वडिलांनी पुन्हा पुणं गाठलं. त्यानंतर बापू अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना जाऊ लागले. दोन पिणाऱ्यांच्या भेटीतून 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनला जन्मलेली ही चळवळ 1957 साली मुंबईत आली आणि तिथून पसरली. ‘फक्त आजचा दिवस’ हे तिचं साधं सूत्र. बापूंनी जन्मभराची शपथ कधीच घेतली नाही. रोज सकाळी एका दिवसाची घ्यायचे. ते 2016 साली गेले, हृदयविकारानं. तोवर 24 वर्षं त्यांनी अशीच एक-एक दिवसानं काढली. काकीचं डोरलं त्यांनीच सोडवून आणलं होतं.

ते गेले त्याच्या पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 2017 मध्ये, आमच्या नगर तालुक्यातल्या पांगरमलला निवडणुकीच्या जेवणावळीत बनावट दारू वाटली गेली आणि माणसं दगावली. फुकट मिळाली म्हणून ज्यांना ‘नको’ म्हणता आलं नाही, त्यांत किती जण हात बसवायला पिणारे असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही. 2019 साली दिल्लीच्या एम्सनं केंद्र सरकारसाठी केलेली देशव्यापी पाहणी प्रसिद्ध झाली. देशात सुमारे 2.9 कोटी माणसं दारूवर पूर्ण अवलंबून आहेत आणि अशा 38 जणांत एकालाच कसलाही उपचार मिळाला आहे, असं त्यात दिसलं. उरलेल्या 37 जणांची घरं कशी असतील ते मला ठाऊक आहे. तिथं एखादी आजी असेल, आणि तिच्याजवळ असंच एखादं वाक्य असेल.

आमच्या आजीनं तिचं वाक्य बदललं. बापू पुण्याहून आले त्या संध्याकाळी ती ओट्यावर बसली होती. मी शेजारी होतो. बराच वेळ ती नदीकडं बघत राहिली आणि म्हणाली, “भावजींना आम्ही बांधलं. त्यांना दवाखाना पायजे व्हता.” त्यानंतर ती गेली तोवर तिनं थोरल्या आबांची गोष्ट कितीदा तरी सांगितली. मुंग्या तशाच, मोट तशीच, पहाट तशीच. शेवट मात्र नवा. “दारू सोडली म्हणून गेलं न्हाईत. एकटं सोडली म्हणून गेलं.”

म्हणून वाचणाऱ्याला हात जोडून सांगतो. घरातलं कुणी रोज पीत असेल आणि सकाळी त्याचा हात कापत असेल, तर त्याला एका रात्रीत बंद कर म्हणून कोंडू नका, शपथेवर सोडू नका, चहात पूड घालू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथं न्या. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मनाच्या आजारांसाठी 14416 हे सरकारी फोन क्रमांक आहेत, दोन्हींना पैसे पडत नाहीत. झटका आला, भास होऊ लागले, भान गेलं, तर सकाळची वाट न बघता 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. माळ जरूर घाला, देवाला जरूर सांगा. पण तिसऱ्या रात्री त्याच्या उशाशी डॉक्टर असू द्या आणि घरचं एक माणूस जागं असू द्या.